याचा काटा कुठे होतो?

मे महिन्याच्या अखेरची सकाळ होती. चिंचपोकळीच्या पुलावरून लालबागच्या दिशेने उतरत होतो. सोबत आमच्याच इमारतीत राहणारे, मिरची-मसाल्याचा पिढीजात व्यापार असलेले एक शेठ होते. देरासरातून परतताना आम्हां दोघांची रोजची गाठ पडते. तेवढ्यात ताडपत्री टाकलेला एक डंपर शेजारून गेला. ताडपत्रीच्या कडेतून काळे पाणी ठिबकत होते आणि त्याची रेघ रस्त्यावर दूरवर उमटत चालली होती. पावसाळ्यापूर्वी मुंबईच्या नाल्यांतून जो गाळ काढला जातो, तो घेऊन ते वाहन निघाले होते. शेठ थांबले, त्या रेघेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेब, याचा काटा कुठं होतो?"

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. इतरांच्या हिशेबात चुका काढणे हाच माझा व्यवसाय होता. तरी या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. शेठ पुढे म्हणाले, "माल ओला आहे. आम्ही ओली मिरची घेतली तर घट धरतो, कडता कापतो. इथं पाण्याचेही पैसे जात असतील. कडता कोण कापतं?"

शासनाच्या पारदर्शकतेवर आजवर पुष्कळ भाषणे ऐकली, परिसंवादांना बसलो, लेखही वाचले. पण त्या सकाळचा हा प्रश्न मला त्या सर्वांहून नेमका वाटला. त्याचा पाठपुरावा करता करता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

नालेसफाई हा विषय वरवर पाहता क्षुद्र वाटेल. परंतु ज्यांचे गाळे परळ, लालबाग, हिंदमाता, काळाचौकी या सखल पट्ट्यात आहेत, त्यांना तो तसा वाटणार नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री किती पोती धान्य, किती साखर, किती कापड पाण्याखाली गेले, हे आपल्या घराघरांत अजून सांगितले जाते. हिंदमाताचा परिसर बशीसारखा आहे. तिथले पाणी जमिनीखालच्या वाहिन्यांतून रे रोडच्या ब्रिटानिया उदंचन केंद्राकडे जाते आणि तिथून समुद्रात सोडले जाते. वाहिनी गाळाने अर्धी भरली असेल, तर कितीही मोठे पंप बसवले तरी त्यांच्यापर्यंत पाणी पोहोचणारच कसे? म्हणून गाळाचा हिशेब हा शेवटी आपल्या गाळ्याचा हिशेब होतो. शब्दांतले हे साम्य आपोआप जुळले आहे, मी मुद्दाम जुळवलेले नाही.

आता शेठच्या प्रश्नाकडे येतो. नाल्यातून काढलेल्या गाळाचे पैसे कंत्राटदाराला वजनावर, मेट्रिक टनाच्या दराने मिळतात. ठरलेल्या एकूण गाळापैकी ८० टक्के पावसाळ्यापूर्वी, १० टक्के पावसाळ्यात आणि उरलेला १० टक्के पावसाळ्यानंतर काढायचा, अशी महापालिकेची पद्धत आहे. भरलेले वाहन संगणकीय वजनकाट्यावर जाते. त्याच्या एकूण वजनातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा होते आणि पावती निघते. कुठल्या नाल्यातून, कोणत्या वाहनाने, किती वाजता, किती फेऱ्या झाल्या, याची नोंदवही असते. मुंबईच्या कचराभूमींत जागा उरलेली नसल्याने गाळ शहराबाहेर खासगी जमिनीवर टाकावा लागतो. त्यासाठी जमीनमालकाची संमती कंत्राटदाराने आणावयाची असते. म्हणजे एका डंपरमागे किमान चार कागद झाले: फेरीची नोंद, काट्याची पावती, रिकाम्या वाहनाचे वजन आणि जमीनमालकाचे संमतिपत्र. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर चलन, काटा पावती, टेअर आणि माल पोहोचल्याची पोच.

कागद चार असणे चांगलेच आहे. पण त्यांचा एकमेकांशी मेळ कोणी घातला नाही, तर चार कागद मिळूनही पुरावा एकाचाच उरतो.

२०१५ मध्ये हेच घडल्याचे दिसले. त्या वर्षी महापालिकेने स्वतःच नालेसफाईच्या कामांची चौकशी केली. वाहनांच्या नोंदी आणि काट्याच्या पावत्या परस्परांशी जुळत नसल्याचे तीत आढळले. अभियंत्यांचे निलंबन झाले आणि कंत्राटदारांवरही कारवाई झाली. पुढे मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठी नदीतील गाळ काढण्याच्या कामांबाबत गुन्हा नोंदवला. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या नुकसानीचा आरोप त्यात आहे. गाळ टाकण्यासाठी जमीनमालकांशी केलेले म्हणून दाखवलेले करारच बनावट होते, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. खरे-खोटे न्यायालय ठरवील. आरोप हा निकाल नव्हे. परंतु आरोपाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. संशय आहे तो चौथ्या कागदावर, म्हणजे माल जिथे पोहोचला म्हणतात त्या जागेवर. काटा अगदी चोख असला, तरी पोच खोटी असेल तर त्या काट्याला काय अर्थ उरला?

मधल्या काळात तंत्रज्ञान पुष्कळ आले. वाहनांवर त्यांचा ठावठिकाणा दाखवणारी यंत्रे बसली. २०२५ च्या हंगामात गाळ काढण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या ३० सेकंदांच्या चित्रफिती कंत्राटदारांनी सादर कराव्यात, असा नियम झाला. त्या चित्रफिती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तपासल्या गेल्या आणि त्रुटी आढळल्या तेव्हा दंडही झाले. कोणत्या नाल्यातून किती गाळ निघाला, हे नागरिकांना घरबसल्या पाहता यावे म्हणून आकडे संकेतस्थळावर ठेवले गेले. रस्त्यांच्या काँक्रिटीकरणासाठीही तसाच माहितीफलक आहे. राज्य शासनाचे शासन निर्णय आज संकेतांकासह संकेतस्थळावर मिळतात, आणि कोणत्या खात्याला किती अनुदान वितरित झाले, हे 'बीम्स' प्रणालीत दिसते. आमच्या नोकरीच्या सुरुवातीस शासन निर्णयाची एक प्रत मिळवण्यासाठी मंत्रालयात ओळख शोधावी लागे. ज्यांनी ते दिवस पाहिले, ते या बदलाला कमी लेखणार नाहीत.

तथापि पडद्यावर आकडा दिसला म्हणजे हिशेब मिळाला, असे समजणे घातक आहे. 'अमुक नाल्यातून इतके टन' हे वाक्य म्हणजे खतावणीतील एका ओळीची बेरीज. तिच्यामागची रोजमेळाची पाने, पावत्या आणि वाहन क्रमांक पाहावयास मिळाले, तरच तिचा ताळा करता येतो. नुसती बेरीज दाखवून कोणी आपल्याकडे उधारी मागितली, तर आपण त्याला काय म्हणू?

ताळा म्हणजे काय, याचे या देशातील उत्तम उदाहरण संगणकाविना घडलेले आहे. जानेवारी १९९६ मध्ये, आज झारखंडात असलेल्या चाईबासा येथे, अमित खरे नावाचे तरुण उपायुक्त होते. पशुसंवर्धन खात्याने कोषागारातून काढलेल्या रकमा मंजूर तरतुदीहून कितीतरी अधिक आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले आणि चारा घोटाळ्याची पहिली गाठ सुटली. पुढे लेखापरीक्षकांनी एक साधी गोष्ट केली. जनावरे आणि चारा ज्या वाहनांतून नेल्याची देयके होती, त्या वाहनांचे क्रमांक परिवहन कार्यालयाच्या नोंदवहीशी ताडून पाहिले. ट्रक म्हणून दाखवलेली कित्येक वाहने प्रत्यक्षात स्कूटर, मोटारी, इतकेच काय तर तेलाचे टँकर निघाली. स्कूटरवरून बैल नेल्याचे पैसे सरकारने दिले होते! यात कुठलीही हुशार यंत्रणा नव्हती. दोन निरनिराळ्या कार्यालयांत, दोन निरनिराळ्या हेतूंनी ठेवलेल्या दोन वह्या एका माणसाने शेजारी शेजारी ठेवल्या, इतकेच.

आपण व्यापारी मंडळी ही गोष्ट रोज अनुभवतो, फक्त दुसऱ्या बाजूने. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. एप्रिल २०१८ मध्ये ई-वे बिल आले. शेठने परराज्यात ५० हजारांहून अधिक रकमेचा माल पाठवला, की वाहनाचा क्रमांक भरावा लागतो. तो क्रमांक 'वाहन' या राष्ट्रीय नोंदीशी ताडला जातो आणि टोलनाक्यावरच्या फास्टॅगशीही जोडलेला आहे. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. समोरच्या पुरवठादाराने विवरणपत्र भरले नाही, तर आपले कर-श्रेय अडकते. चूक त्याची, पैसे आपले! या सर्वांविषयी आपण कुरकुर केली, करसल्लागारांची शुल्के भरली आणि शेवटी शिस्त अंगवळणी पाडून घेतली. आज मसाल्याच्या एका पोत्याचा प्रवास शासनाला ठाऊक असतो. मग नाल्यातल्या एका टन गाळाचा प्रवास करदात्याला तितकाच ठाऊक का असू नये? यंत्रणा तीच, वाहनांची नोंद तीच आणि फास्टॅगही तोच. उणीव तंत्रज्ञानाची नाही. एका बाजूच्या वह्या उघडल्या गेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या अर्ध्याच उघडल्या, एवढाच फरक.

इथे माझ्या क्षेत्रातील एक दुखरी आठवण सांगतो. शाखांत संगणक आले, तेव्हा आम्हांला वाटले की आता अफरातफर संपली. बेरजेच्या चुका खरोखर संपल्या. संध्याकाळी रोकड जुळेना म्हणून रात्री दहापर्यंत बसणे थांबले. पण खोटी नोंद संगणकातही खऱ्या नोंदीइतकीच स्वच्छ अक्षरांत दिसते. २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेचे प्रकरण उघडकीस आले. बँकांच्या परदेशांतील शाखांना हमीचे संदेश 'स्विफ्ट' या यंत्रणेतून गेले, परंतु त्यांची नोंद बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत झालीच नव्हती. दोन्ही यंत्रणा अद्ययावत होत्या, मात्र त्यांना एकमेकींशी जोडलेले नव्हते, आणि दोहोंचा मेळ रोज घालावयाचा असतो याचा विसर पडला होता. रक्कम १३ हजार कोटींच्या घरात गेली. आमच्या वेळचा एखादा जुना हेडकॅशिअर दोन रजिस्टरे समोर ठेवून लाल पेन्सिलीने टिकल्या करीत बसे. त्या टिकल्यांची आम्ही थट्टा करीत असू.

महापालिकेच्या बाबतीत रकमा किती मोठ्या आहेत, हेही पाहिले पाहिजे. बृहन्मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. शेजारच्या गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या तो दुपटीहून अधिक भरतो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत सुमारे चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या काळात स्थायी समिती नव्हती. स्थायी समितीविषयी आपले मत फारसे आदराचे नसेल, माझेही नाही. पण कंत्राटाचा प्रस्ताव मंजूर करण्यापूर्वी तो चार विरोधकांपुढे मोठ्याने वाचला जातो, यालाही काही मोल असते.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी राज्य शासनाच्या विनंतीवरून २०१९ च्या अखेरीपासून ऑक्टोबर २०२२ पर्यंतच्या महापालिकेच्या निवडक खर्चाचे विशेष लेखापरीक्षण केले. हा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडला गेला. सुमारे १२,०२४ कोटी रुपयांचा खर्च त्याच्या कक्षेत होता. त्यातील २० कामे, सुमारे २१४ कोटींची, निविदा न मागवता दिली गेली. ६४ कामांत, ज्यांची किंमत ४,७५६ कोटींच्या आसपास होती, कंत्राटदाराशी लेखी करारच झालेला नव्हता. सुमारे ३,३५६ कोटींच्या १३ कामांत त्रयस्थ परीक्षक नेमलेला नव्हता. कोविडकाळातील सुमारे ३,५३८ कोटींच्या खर्चाची कागदपत्रे साथरोग कायद्याचा आधार देऊन लेखापरीक्षकांना दाखवलीच गेली नाहीत. वाचक व्यापारी आहेत, म्हणून विचारतो: लेखी कराराविना आपण किती रुपयांचा माल सोडू? ओळखीच्या गिऱ्हाइकाला पाच-दहा लाखांचा सोडतही असू, पण तो आपल्या स्वतःच्या पैशाचा असतो.

हिशेब पाहण्याचा अधिकार आपल्याला कोणी दान दिलेला नाही. आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव राजस्थानच्या पाली जिल्ह्यात आहे. तेव्हा त्याच जिल्ह्यात असलेल्या कोट किराना या गावी डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि देयके गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली. कामावर कधीही न गेलेल्या माणसांच्या नावे मजुरी निघाल्याचे त्यांना तिथल्या तिथे समजले. १९९६ मध्ये ब्यावर शहरात ४० दिवसांचे धरणे झाले. मागणी एवढीच, की देयकांच्या प्रती मिळाव्यात. ब्यावरच्या बाजारपेठेने त्या धरणेकऱ्यांना धान्य-भाजी पुरवली, हे आपल्या समाजाने आवर्जून लक्षात ठेवावे. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनांमुळे राज्याचा माहिती अधिकार कायदा सशक्त झाला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा देशभर लागू झाला. दहा रुपयांच्या शुल्कात, कारण न सांगता, माहिती मागता येते. तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. कायद्याच्या व्याख्येत कामाची प्रत्यक्ष पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणेही येते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

कायद्याची धार बोथट होत चालली आहे, हेही खरे. सतर्क नागरिक संघटनेच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या राज्य माहिती आयोगापुढे एक लाखाहून अधिक अपिले व तक्रारी प्रलंबित होत्या. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम बदलले. आता 'वैयक्तिक' हा शब्द ढालीसारखा पुढे केला जाईल, अशी भीती रास्त आहे. म्हणूनच अर्जाहून सोप्या एका वाटेविषयी इथे थोडे सविस्तर लिहितो.

२६ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढले. जिल्हास्तरीय कार्यालये आणि महापालिका यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा त्याचा आशय आहे. पुणे महापालिकेत ही प्रथा त्याआधीपासून होती, तीच राज्यभर लागू केली गेली. निवृत्तीनंतर मी एकदा त्याचा अनुभव घेतला. कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या कार्यालयाचा नाही. पहिल्या सोमवारी तिथे कोणालाच या आदेशाची कल्पना नव्हती. मी छापील प्रत दाखवली, ती ठेवून घेतली गेली आणि मला पुढच्या सोमवारी यावयास सांगितले. पुढच्या सोमवारी मात्र खुर्ची मिळाली, पंखा लागला आणि एका लहानशा बांधकामाची धारिका पुढ्यात आली.

मोजमाप पुस्तिका उघडली आणि जुनी सवय जागी झाली. पंधरा दिवसांच्या वेगवेगळ्या तारखांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या दाबाने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसत होत्या. यावरून चोरी सिद्ध होत नाही. कामाच्या गडबडीत कच्च्या चिठ्ठ्यांवर लिहून नंतर एकदम उतरवून घेणारे प्रामाणिक कारकून मी खूप पाहिले आहेत. मी फक्त लेखी विचारले, की मूळ चिठ्ठ्या कुठे आहेत. महिन्याने उत्तर आले, नोंदी त्या त्या दिवशीच केल्या आहेत. ठीक. दोन महिन्यांनी त्याच कामाच्या पुढच्या टप्प्याची पुस्तिका पाहिली, तेव्हा प्रत्येक मोजमापाखाली दुसऱ्या अधिकाऱ्याची दिनांकित सही होती. माझ्यामुळे ती झाली, असा दावा मी करीत नाही. कोणी तरी पाहते आहे, एवढे तिथे कळले असावे.

हे सांगितल्यावर शेठ हसले. म्हणाले, "साहेब, तुम्ही पेन्शनवाले. आमचा परवाना दर वर्षी नूतनीकरणाला जातो."

ही भीती खोटी नाही आणि तिची थट्टा करण्याचे कारणही नाही. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो अद्याप अमलात आलेला नाही. आपला समाज स्वभावतः तंटा टाळणारा आहे. वजनमाप निरीक्षक, दुकान निरीक्षक, अग्निशमन, अन्न व औषध अशा इतक्या खिडक्यांपुढे उभे राहावे लागते, की आणखी एका खिडकीत प्रश्न विचारण्याचा उत्साह उरत नाही. वर आपल्यातील काही जण सरकारी पुरवठाही करतात. त्यांनी प्रश्न विचारावा तरी कसा?

पण नेमकी हीच मंडळी खरे परीक्षक आहेत, असे जगाचा अनुभव सांगतो. युक्रेनने २०१६ मध्ये 'प्रोझोरो' नावाची सरकारी खरेदीची प्रणाली सर्व खात्यांना सक्तीची केली. तीत निविदा, प्रत्येकाने लावलेला भाव आणि झालेला करार सर्वांना पाहता येतो. त्याच्याच जोडीला नागरिक आणि व्यापारी यांना शंका नोंदवता येतील अशी दुसरी व्यवस्था उभी राहिली. ज्याने निविदा भरली आणि जो हरला, त्याच्याइतका बारकाईने ती अटींची चोपडी कोण वाचणार? एखादी अट एकाच विशिष्ट यंत्रासाठी घातली आहे, हे सनदी लेखापालाला कळणार नाही, पण त्याच मालाच्या व्यापाऱ्याला पाच मिनिटांत कळेल. ओल्या गाळात पाणी किती आणि त्यात इमारतींचा राडारोडा मिसळून वजन वाढवले आहे का, हे कृत्रिम बुद्धिमत्ता चित्रफितीवरून ओळखू पाहते. आमच्या शेठना ते ताडपत्रीखालून ठिबकणाऱ्या रेघेवरून सुचले.

हिशेबाची सार्वजनिकता आपल्याला परकीही नाही. पर्युषणात बोली बोलली जाते ती सकल संघासमोर, मोठ्याने; आकडा कोणाच्या कानात सांगितला जात नाही. देवद्रव्याचे खाते निराळे आणि साधारण खाते निराळे. एकातला पैसा दुसऱ्यात गेला, तर आपण विश्वस्तांना भर सभेत उभे करतो. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत 'हीनाधिक मानोन्मान' म्हणजे वजनमापांत कमीजास्त करणे आणि 'प्रतिरूपक व्यवहार' म्हणजे अस्सल मालात नकली मिसळून तो खरा म्हणून देणे, हे दोन्ही येतात. गाळात राडारोडा मिसळणे हे या दुसऱ्या अतिचाराचे किती चपखल उदाहरण आहे, ते वेगळे सांगावयास नको. उत्तरेत वजनकाट्याला धर्मकाटा म्हणतात, आपल्या बाजारातही हा शब्द रुळला आहे. तो कोणी योजला ठाऊक नाही, पण विचार करून योजला असावा.

मागच्या आठवड्यात शेठ स्वतःच विषयावर परत आले. त्यांची सून सनदी लेखापाल आहे. सासऱ्यांनी सांगितल्यावर तिने कागदावर चार ओळी लिहून दिल्या: एका नाल्याच्या एकाच आठवड्याच्या फेऱ्यांची नोंद, त्याच आठवड्याच्या काट्याच्या पावत्या, त्या वाहनांची रिकामी वजने, आणि गाळ जिथे टाकला त्या जमिनीचे संमतिपत्र. "एकाच आठवड्याचं मागा," ती म्हणाली, "सगळ्या वर्षाचं मागितलं की नाही म्हणायला त्यांना सोपं जातं." बँकेच्या तपासणीत आम्हीही हेच करीत असू, पण मला हे सुचले नव्हते. अर्ज शेठच्या नावे करायचा नाही, माझ्या नावे करायचा असे ठरले. परवाना माझ्याकडे नाही. एक विषय आणि दीडशे शब्द, ही महाराष्ट्राच्या नियमांतली मर्यादा, त्यामुळे मसुदा तिने दोनदा कापला. सोमवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असते, म्हणून तीन वाजता शेठ बरोबर येणार आहेत, फक्त बसायला. वजनाच्या पावत्या वाचण्याचे काम मात्र त्यांनाच करावे लागेल. टेअरची खुबी मला अजून नीटशी कळलेली नाही.